‘जी जी’ म्हणणारे आम्ही

मैदानावरचे दिवे गेले आणि स्पीकरमधून एका म्हाताऱ्या इंग्रज माणसाचा आवाज यायला लागला. जड, ठाम, एकेक शब्द चावून बोलणारा. आम्ही लढू, इथे लढू, तिथे लढू, असं काहीतरी तो सांगतोय एवढंच मला कळत होतं. हजारो पोरं त्या आवाजावर किंचाळत होती. मीही किंचाळलो. शेजारी दादा दोन्ही मुठी वर करून उभा होता. भाषण संपलं आणि गिटारी एकदम अंगावर आल्या. ‘एसेस हाय’.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल. आयर्न मेडनच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगभराच्या दौऱ्यातला पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही आहे. माणसं आणि सगळं सामान भरलेलं बोइंग ७५७ चालवत तो जग फिरायला निघाला होता. मी नाशिकहून पंचवटीनं कल्याणला उतरलो होतो. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, अंबरनाथहून आला होता. कारखान्यात त्यानं साखरपुड्याला जातोय असं सांगितलं होतं, म्हणून काळ्या टी-शर्टवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाला होता. कुर्ल्याला रिक्षात बसल्यावर त्यानं तो काढला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

मेडन मला दादानंच दिलं. आठवीत असताना, एका कॅसेटच्या दोन बाजूंना भरून. दादा आयटीआय झालेला टर्नर. त्याला इंग्रजी येत नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. तो मेडन गायचा ते सगळं तोंडानं गिटार वाजवत. कुठल्या गाण्यात सोलो कुठून सुरू होतो, दुसरी गिटार कुठे येऊन मिळते, सगळं पाठ. शब्दांची भानगड माझ्या वाट्याची. मी मराठी माध्यमाचा, पण कॉलेजात जायची स्वप्नं असलेला. सायबर कॅफेत बसून गाण्यांचे शब्द छापून आणायचे, डिक्शनरी घेऊन बसायचं, आणि तरीही म्हणताना निम्मे चुकायचे. खरं सांगायचं तर मेटल ऐकणाऱ्या इतर पोरांची मला भीती वाटायची. ती सगळी इंग्रजीत बोलायची आणि मेटलवर वाद घालताना आणखी जलद इंग्रजीत बोलायची.

त्या संध्याकाळी व्हायचं तेच झालं. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात समोरच्या मुलानं मागे वळून माझा एक शब्द दुरुस्त केला. अगदी सभ्यपणे, हसून. त्याला बिचाऱ्याला मदतच करायची असावी. पण पुढची दोन गाणी माझं तोंड बंद होतं.

या कार्यक्रमाबद्दल लिहायचं तर आधी एक तक्रार. हा दौराच मुळी आठवणींचा होता. १९८४चा ‘पॉवरस्लेव्ह’, १९८६चा ‘समव्हेअर इन टाइम’, १९८८चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ या काळातली गाणी, आणि पाठीमागे ‘पॉवरस्लेव्ह’च्या वेळचा इजिप्तचा देखावा. ज्यांनी ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये हे पाहिलं, त्यांच्यासाठी ही आठवण. आमच्यासाठी कसली? तो सगळा काळ आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मेडन भारतात पहिल्यांदा आलं तेच मार्च २००७ मध्ये, बंगळुरूला. आम्ही एका अशा गोष्टीची आठवण काढत होतो जी आमच्या बाबतीत घडलीच नव्हती. पण तक्रार इथेच सोडतो, कारण तिला उत्तर देणारं एक गाणं त्याच रात्री वाजलं. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी पोवाडा. मेडनची गाणी कशाबद्दल असतात ते बघा. ‘एसेस हाय’ १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या वैमानिकाचं. ‘द ट्रूपर’ १८५४ च्या बालाक्लावाच्या लढाईत तोफांच्या तोंडी धावत गेलेल्या घोडेस्वाराचं. ‘राइम ऑफ द एन्शियंट मरिनर’ तर कोलरिजची कविता घेऊन रचलेलं पावणेचौदा मिनिटांचं गाणं. (पुढे एफवायबीएला ती कविता लागली तेव्हा वर्गात गोष्ट आधीपासून माहीत असलेला मी एकटा होतो. इंग्रजीच्या तासाला पहिल्यांदाच हात वर केला.) प्रेम, मोटारगाड्या, दारू, पार्ट्या या रॉकच्या नेहमीच्या मालात स्टीव्ह हॅरिसला फारसा रस दिसत नाही. हा बँडचा बेस वाजवणारा, १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये बँड उभा करणारा आणि बरीचशी गाणी लिहिणारा माणूस. तो बोटांनी बेसवर जी घोडदौड वाजवतो, ती ऐकली की मला शाहिराचा डफच आठवतो. लढाईची गोष्ट, पल्लेदार आवाजाचा सांगणारा, खाली अखंड दौडणारा ताल.

आणि पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहिराचा चौक संपत आला की ते सूर उचलतात, ‘जी जी रं जी’ करतात. त्यांना गोष्ट सांगायची नसते, शाहिराच्या शब्दांखाली जमीन धरून ठेवायची असते. ते गप्प बसले तर शाहीर कितीही जोरकस असला तरी त्याचं गाणं व्याख्यान होऊन जातं.

आता ते गाणं. ‘फिअर ऑफ द डार्क’. १९९२ मधलं. त्या रात्रीच्या सोळा गाण्यांत ऐंशीच्या दशकाबाहेरचं हे एकमेव. दौऱ्याच्या कल्पनेत ते कुठेच बसत नाही, आणि तरी ते वगळायची कुणाची हिंमत झाली नाही. का?

घरी ते स्टुडिओतलं ऐका. हेडफोन लावून, नीट. माझं मत असं की ते चांगलं गाणं आहे, थोर नाही. हॅरिसच्या एसेक्समधल्या स्वतःच्या जागेत हा अल्बम रेकॉर्ड झाला, आणि त्याचा एकूण आवाज मला कोरडा वाटतो. सुरुवातीचा वेगवान तुकडा, मग एकदम शांत, गिटारवर एक साधी सुरावट, तिच्यावर दबक्या आवाजात गायन, मग स्फोट. रचना चोख आहे. पण काहीतरी रिकामं राहतं. पंगतीत पान वाढलंय आणि जेवणारा अजून यायचाय, तसं.

तो जेवणारा लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये येतो. १९९३ च्या ‘अ रिअल लाइव्ह वन’वर ऐका, किंवा रिओमध्ये २००१ साली रेकॉर्ड झालेल्या ‘रॉक इन रिओ’वर. गिटारची ती शांत सुरावट सुरू होते आणि लोक तीच गायला लागतात. शब्द नाहीत. तिथे शब्द लिहिलेलेच नाहीत. नुसतं ओऽ ओऽ. सूर जवळजवळचे, चढउतार बेताचा, ज्याला गाता येत नाही त्यालाही गाता येईल असा. हॅरिसनं गिटारसाठी लिहिलेली ओळ लोकांनी गाण्यासाठी उचलली. माझ्या मते गाणं तिथे पूर्ण झालं. स्टुडिओतली प्रत हा त्याचा कच्चा आराखडा.

हे मला कॅसेटवरून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. मुंबईत ती सुरावट सुरू झाली तेव्हा मी अजून गप्प होतो, रुसल्यासारखा. पहिला सूर दादानं लावला. तो हे गाणं अंबरनाथला लेथवर काम करताना वर्षानुवर्षं असंच गात आला होता, त्याच्यासाठी काही वेगळं नव्हतंच. मग माझ्या मागून, बाजूनं, आणि मग समोरून, त्या मुलाच्या तोंडून, ज्यानं माझा शब्द सुधारला होता. तो, दादा आणि मी एकच गात होतो, आणि त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. इथे कुणाचा उच्चार चांगला नव्हता. कुणाचं माध्यम कळत नव्हतं. मला रडू आलं हे लिहायला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटली होती. म्हणून मी घाम पुसतोय असं दाखवलं.

अंधारात एकट्यानं चालताना वाटणाऱ्या भीतीचं गाणं हजारो लोकांनी खांद्याला खांदा लावून म्हणायचं, हा त्यातला आणखी एक गंमतीदार भाग. एकटेपणाचं गाणं एकट्यानं ऐकलं की ते थोडं खोटं वाटतं, आणि गर्दीत खरं.

बाकी कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. डिकिन्सन पन्नाशीला टेकलेला, तरी रंगमंचावर एका जागी उभा राहत नव्हता. शहराचं नाव घेऊन ओरडा म्हणायचा आणि मुंबई ओरडायची. गाण्यांमध्ये थांबून बोलायचा तेव्हा दादा मला विचारायचा, काय म्हणतोय, आणि मी जे कळलं ते आणि जे नाही कळलं तेही सांगायचो. शेवटाकडे बँडचा राक्षसी एडी आला. लहानपणी गणपतीत चलत देखावे बघायला तासभर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला एडी परका वाटत नाही. तोच धूर, तीच जरा अडखळणारी मान, आणि तोच आनंद. मेडनला न आवडणारे लोक याला पोरकट म्हणतात. आहेच पोरकट. देखावे बघायला मोठी माणसं काय फक्त पोरांना घेऊन जायचं म्हणून जातात?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. शब्दांवाचून सगळे एक झाले, गोड शेवट. पण या दौऱ्यावर २००९ मध्ये ‘फ्लाइट ६६६’ नावाचा माहितीपट आला. त्याच्या मैफलीच्या भागात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, आणि ‘एसेस हाय’ मुंबईचं. मी तो कितीदा पाहिला असेल, गर्दीत स्वतःला आणि दादाला शोधत. सापडलो नाही. पण दरवेळी सुरुवातीचा तो म्हातारा ऐकला, आणि दरवेळी तो थोडा जास्त कळत गेला.

तो चर्चिल. ४ जून १९४० ला ब्रिटिश संसदेत केलेलं भाषण. आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण संसदेतलं नाही, त्यानं ते १९४९ मध्ये वाचून मुद्रित केलं. मेडन त्यातला तुकडा वापरतं तो ‘आम्ही कधीही शरण जाणार नाही’ या अर्थाच्या शब्दांपाशी तुटतो आणि गिटार सुरू होते. मी एकदा मूळ भाषण काढून वाचलं. वाक्य तिथे संपत नाही. त्याच वाक्यात पुढे तो म्हणतो की समजा हे बेट पडलंच, तर समुद्रापलीकडचं आमचं साम्राज्य लढा चालू ठेवील. समुद्रापलीकडचं साम्राज्य. म्हणजे ज्या मैदानावर आम्ही उभे होतो ते. त्या भाषणानंतर तीनच वर्षांनी, त्याच माणसाच्या राज्यात, बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली.

मेडनला साम्राज्याचं प्रेम आहे असं मला म्हणायचं नाही. ‘द ट्रूपर’ला डिकिन्सन लाल लष्करी डगला घालून युनियन जॅक फडकवतो हे खरं, पण गाणं एका मरणाऱ्या, फुकट गेलेल्या शिपायाचं आहे, विजयाचं नाही. ‘रन टू द हिल्स’ तर आधी गोऱ्यांनी लुटलेल्या मूळ अमेरिकन माणसाच्या तोंडून बोलतं आणि मग त्याला मारणाऱ्या सैनिकाच्या. ती दोन तोंडं एका गाण्यात ठेवणं साधं नाही. त्यामुळेच चर्चिलचा तुकडा मला खटकतो. तिथे दुसरं तोंड नाही. बाकी रात्रभर गोष्टीच्या दोन्ही बाजू सांगणारा शाहीर सुरुवातीलाच एक बाजू कापून टाकतो, आणि ती कापलेली बाजू नेमकी आमची निघते.

आणि आमची झील त्याच्यावर पडली. इथे माझी पोवाड्याची उपमा माझ्यावरच उलटते. कारण ‘जी जी’ हा नुसता सूर नाही. जी म्हणजे होकार. झीलकरी शाहिराला प्रत्येक चौकाला हो म्हणत असतो. शब्द येत नव्हते म्हणून ‘फिअर ऑफ द डार्क’ माझं झालं, आणि शब्द येत नव्हते म्हणूनच चर्चिललाही मी हो म्हणून आलो. एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं असं मला आजवर जमलेलं नाही. आजही ‘एसेस हाय’ त्या भाषणाशिवाय वाजलं तर अपुरं वाटतं, हेही कबूल करतो.

रात्री कुर्ल्याहून कल्याण लोकल पकडली. दादानं पिशवीतून पांढरा शर्ट काढून पुन्हा अंगात घातला.

“सुरुवातीला तो बोलत होता, तो कोण रे?”

“चर्चिल. त्यांचा पंतप्रधान.”

“काय म्हणत होता?”

“लढू म्हणत होता.”

“कुणाशी?”

“जर्मनीशी.”

“मग बरोबरे,” म्हणाला, आणि दारातल्या दांड्यावर बोटांनी घोडदौड वाजवत उभा राहिला.

मागच्या वर्षी त्याला फोनवर त्या कापलेल्या वाक्याचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. पाठीमागे लेथचा आवाज येत होता.

“ते वाक्य तिथं पूर्ण लावलं असतं,” त्यानं विचारलं, “तर तुला कळलं असतं?”

“तेव्हा? नाही.”

“म्हणजे ओरडलोच असतो.”