क्लाउड संगणनाची चार प्रारूपे : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
संगणकीय साधने स्वतः विकत न घेता ती दूरस्थ यंत्रणेवरून गरजेपुरती वापरण्याच्या पद्धतीस क्लाउड संगणन म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेसाठी पीटर मेल आणि टिमोथी ग्रान्स यांनी केलेली व्याख्या सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत क्लाउडच्या उभारणीची सार्वजनिक, खासगी, सामुदायिक आणि संमिश्र अशी चार प्रारूपे सांगितली आहेत. हे वर्गीकरण आज सर्वमान्य आहे. मात्र त्यातून काढले जाणारे निष्कर्ष तपासून पाहणे आवश्यक आहे.

वर्गीकरणाचा निकष :
यंत्रणा कोणासाठी राखीव आहे, हा या वर्गीकरणाचा मुख्य निकष होय. सार्वजनिक क्लाउड सर्वांसाठी खुला असतो, तर खासगी क्लाउड एकाच संस्थेपुरता असतो. सामुदायिक क्लाउड समान गरजा असलेल्या संस्थांसाठी असतो. इफ्टास या संस्थेचा भारतीय बँकांसाठीचा क्लाउड हे त्याचे उदाहरण. संमिश्र प्रारूपात दोन किंवा अधिक क्लाउड स्वतंत्र राहूनही परस्परांशी जोडलेले असतात. यंत्रणेची मालकी व तिचे ठिकाण यांवरून प्रारूप ठरत नाही. मूळ व्याख्येनुसार खासगी क्लाउडची मालकी त्रयस्थाकडे असू शकते आणि तो संस्थेच्या आवाराबाहेरही असू शकतो. तरीही 'खासगी म्हणजे सुरक्षित' हे समीकरण सर्रास मांडले जाते.

समीकरणाची मर्यादा :
मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा, गूगलच्या यंत्रणेवरील खासगी क्लाउड नष्ट झाला. गूगलच्या खुलाशानुसार, उभारणीच्या वेळी तिच्या कर्मचाऱ्यांकडून एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे क्लाउडला एक वर्षाची मुदत लागू झाली व ती संपताच तो आपोआप काढून टाकला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांची सेवा सुमारे आठवडाभर खंडित झाली. माहितीच्या प्रती अन्यत्र ठेवलेल्या असल्यामुळेच यंत्रणा पुन्हा उभी करता आली. प्रारूप खासगी असूनही ही आपत्ती टळली नाही.

निष्कर्ष :
महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमापुरता नाही. प्रवेश, शुल्क व परीक्षा यांच्या नोंदी क्लाउडवर ठेवल्या, तरी त्यांचे दायित्व पुरवठादारावर ढकलता येत नाही. पुरवठादाराशी कोणताही करार असला, तरी व्यक्तिगत माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहील, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. स्वतःची यंत्रणा उभारण्यास भांडवल व प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. त्यामुळे लहान महाविद्यालयास सार्वजनिक क्लाउड परवडणारा ठरू शकतो. निवड कोणतीही असो, यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, माहितीच्या स्वतंत्र प्रती कोठे आहेत आणि करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे करारापूर्वीच घेतली पाहिजेत. प्रारूपांची तुलना शिकविताना हे प्रश्न वगळल्यास ती तुलना अपुरी राहते.