दोन वह्या

कोणत्याही वस्तुसंग्रहालयात दोन वह्या असतात. एक आतल्या खोलीत: वस्तू कुठून आली, कशाची, किती इंचांची, याची दाखल-नोंदवही. दुसरी दाराशी: प्रेक्षकांची अभिप्राय-वही. पहिलीला संशोधन म्हणतात, दुसरीला लोकसहभाग. या दोन वह्यांची गाठ पडत नाही, आणि आपल्या संस्थांचे खरे दुखणे तिथेच आहे.

ही फारकत आपल्या परंपरेतली नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो लोकांच्या घरांतून मिळवलेल्या कागदांवर. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्यामागेही गावोगाव दप्तरे धुंडाळणारी हीच पायपीट होती. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रह सुरू केला आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्ये अशा सुमारे वीस हजार वस्तूंत राजेरजवाड्यांपेक्षा घरसंसारच अधिक आहे. म्हणजे समाज हा या संशोधनाचा श्रोता नव्हता, दाता होता.

आज दात्याला आपण प्रेक्षक करून ठेवले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय शाळांपर्यंत नेले, हे मोलाचे काम आहे. पण ज्ञानाची वाहतूक एवढ्याने एकाच दिशेने होते. परतीच्या वाटेवर बसमध्ये काय यावे, हा प्रश्न उरतोच.

नातवाला घेऊन आलेली आजी काचेतली वज्री पाहते आणि पाटी न वाचताच बोलू लागते: न्हाणीच्या दगडावर बसून टाचा कशा घासायच्या, ती कुणी कुणाला दिली, सणाच्या आंघोळीला ती कशी निघायची. पाटीवर मात्र ‘वज्री, पितळ’ एवढेच असते. आजी दाराशी येऊन वहीत ‘संग्रह छान आहे’ असे लिहिते आणि निघून जाते. संस्थेच्या अहवालात ती एक आकडा होते.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण राजवाड्यांनी बखरीवर अविश्वास दाखवला तो बखर फेकून देण्यासाठी नव्हे. अस्सल पत्राशी ती ताडून पाहण्यासाठी. आठवणीलाही तोच न्याय लावता येईल. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लिहावी. दुसऱ्या गावच्या सांगण्याशी ती ताडावी. चूक असेल तर तसे नोंदवावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दाखल-नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे एक कोरा रकाना आणि आठवड्यातून एक दुपार ऐकायला बसणारा अभ्यासक, एवढे पुरे.

घाई आहे ती एकाच कारणाने. पितळ टिकते, ते वापरलेले हात टिकत नाहीत. वस्तू पुढच्या पिढीलाही काचेत दिसेल, पण ती पाहून बोलू लागणारे कुणी तेव्हा उरलेले नसेल. त्या दिवशी अभिप्राय-वहीतले ‘छान’ हेच आपले एकमेव साधन ठरेल.