नाथानची गोष्ट ऐकणारा राजा

बायबलमधील गोष्टी आपण आजीच्या मांडीवर बसल्यापासून ऐकत आलो आहोत. ओळखीच्या गोष्टीला एक धोका असतो. ती सुरू होते न होते तोच आपण तिचे तात्पर्य हातात घेऊन बसतो. इसापनीतीतल्या गोष्टीखाली जशी एक ओळ छापलेली असते, तशी ओळ आम्ही धर्मगुरूही प्रवचनाच्या शेवटी देतो; श्रोते ती ओळ घेऊन घरी जातात आणि गोष्ट चर्चमध्येच राहते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील नाथान संदेष्ट्याची गोष्ट मात्र या सवयीला अडचणीत आणते. तिथे गोष्ट आहेच. शिवाय ती ऐकणारा माणूसही आपल्यासमोर उभा आहे. तो कशी ऐकतो, हे आपल्याला पाहता येते.

गोष्ट अगदी लहान. एका नगरात दोन माणसे. श्रीमंताकडे मेंढरे-गुरे पुष्कळ; गरिबाकडे विकत घेतलेली एकच लहानशी मेंढी, मुलाबाळांसोबत वाढलेली. श्रीमंताकडे पाहुणा येतो, तेव्हा तो आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी घेऊन तिचे जेवण करतो. बस्स. नाथान यावर स्वतःचे मत देत नाही. दावीद मात्र संतापतो. हा संताप खोटा नाही. त्याचे बालपण मेंढरांमागे गेलेले. तो त्या माणसाला मरणाच्या लायकीचा ठरवतो आणि एका मेंढीबद्दल चार भरून देण्याचा हुकूम करतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरांच्या चोरीला हीच भरपाई सांगितली आहे. राजाला नियमशास्त्र पाठ होते, हे इथे ध्यानात घ्यावे. मेंढीचे कलम त्याला चटकन आठवले. व्यभिचाराचे आणि मनुष्यवधाचे कलम त्याच शास्त्रात होते.

नाथानने मेंढीचे वर्णन उगाच लांबवलेले नाही. ती मालकाच्या घासातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे, असे तो सांगतो. खाणे, पिणे आणि निजणे हे तीन शब्द मागल्याच अध्यायात उरीयाच्या तोंडी येऊन गेले आहेत. कराराचा कोश आणि सारे सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ आणि पत्नीजवळ निजू कसा, असे तो शिपाई राजालाच विचारतो. पुढे, मेंढी मालकाला मुलीसारखी होती असे नाथान म्हणतो. हिब्रू भाषेत मुलीला ‘बथ’ म्हणतात, आणि बथशेबाच्या नावाचा आरंभ त्याच शब्दाने होतो. नाथानने सारे पुरावे राजासमोर मांडून ठेवले होते. राजा गोष्टीत इतका रमला, की तो पुरावा त्याला ओळखू आला नाही.

आणखी एक शब्द पाहण्याजोगा आहे : ‘पाठवणे’. अकराव्या अध्यायात तो पुन्हा पुन्हा येतो. दावीद यवाबाला लढाईवर पाठवतो आणि स्वतः यरुशलेमेत राहतो. ती स्त्री कोण, हे विचारायला माणूस पाठवतो. तिला आणायला दूत पाठवतो. उरीयाला बोलावणे पाठवतो. शेवटी उरीयाच्या मृत्यूचे पत्र उरीयाच्याच हाती पाठवतो. राजा कुठेही स्वतः जात नाही. आणि बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात परमेश्वर नाथानला पाठवतो.

आता गोष्ट आणि घटना यांचा मेळ जिथे बसत नाही, तिथे थोडे थांबले पाहिजे. गोष्टीत मेंढी मरते, घटनेत मालक मरतो. बथशेबा मेंढीच्या जागी येते. तिला वाचा नाही. अकराव्या अध्यायात तिचे म्हणून एकच बोलणे आहे, आपण गरोदर असल्याचा निरोप. आपल्याकडची प्रवचने तरीही तिलाच दोष देतात, ती गच्चीवर स्नान करीत होती म्हणून! मूळ वचन नीट वाचावे. गच्चीवर राजा होता. ती गच्चीवर होती असे कुठेही लिहिलेले नाही. आणि उरीया कुणी अनोळखी परका नव्हता. दावीदाच्या सदतीस वीरांची यादी त्याच्याच नावाने संपते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात पवित्र लेखकांचे साहित्यप्रकार ओळखून वाचावे असे सांगितले. तरी रविवारच्या मिस्सावाचनांत या उताऱ्याचे जे झाले आहे, ते मला खटकते. सामान्य काळातील अकराव्या रविवारी, ‘क’ वर्षी, हे वाचन सातव्या ओवीपासून सुरू होते. म्हणजे निकाल ऐकू येतो, गोष्ट नाही. तिसऱ्या आठवड्यातील शनिवारी, सम वर्षी, ती पूर्ण वाचली जाते. पण त्या सकाळी चर्चमध्ये माणसे किती? गंमत अशी, की त्या रविवारचे शुभवर्तमान लूकच्या सातव्या अध्यायातले आहे आणि तिथे प्रभू येशू शिमोन परुश्याला अशीच गोष्ट घालतो : दोन ऋणको, एकाचे पाचशे दिनार, दुसऱ्याचे पन्नास. निकाल ऐकणाऱ्याकडूनच घेतला जातो. शिमोन दावीदासारखा भडकत नाही, ‘मला वाटते’ अशा बेताने सावध उत्तर देतो; तरीही सापडतोच.

अशाच एका सम वर्षाच्या शनिवारी मी या गोष्टीवर प्रवचन केले होते. वाड्या गिळणारे धनिक माझ्या डोळ्यांसमोर होते आणि श्रोते माना डोलावत होते. मिस्सा संपल्यावर एक निवृत्त गुरुजी भेटले. प्रवचनाविषयी ते काही बोलले नाहीत. ‘‘फादर, फुलवाल्या मावशी हल्ली दिसत नाहीत?’’ एवढेच त्यांनी विचारले.

मावशी बरीच वर्षे चर्चच्या फाटकाशी, चिंचेखाली टोपली घेऊन बसत. सणाच्या मंडपासाठी आम्ही ती जागा मोकळी केली, आणि सण झाल्यावर ती वाहनांना सोयीची वाटली म्हणून तशीच ठेवली. चर्चचे आवार केवढे तरी मोठे आहे. मावशींना उठायला सांगण्यासाठी मी सेवकाला पाठवले होते.

गुरुजींच्या प्रश्नानंतर मी मावशींना निरोप धाडला, जागा तुमचीच आहे, या. त्या आल्या नाहीत. आठवड्याने दुसरा निरोप धाडला. सेवक पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेला, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की याही खेपेला मी पाठवतोच आहे. त्याला हाक मारून मागे बोलावले, पायात चपला घातल्या आणि बाजाराची वाट धरली.