संकल्पचित्रातली डोमकळी

शालेय चित्रकलेविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन होते. एक कौतुकाचे, बालप्रतिभा वगैरे शब्द वापरून केलेले. दुसरे परीक्षेच्या मार्गदर्शकांतले. विद्यार्थ्याने शाळेत केलेली कृती समोर ठेवून, एखाद्या कवितेची करावी तशी तिची समीक्षा सहसा कोणी करत नाही. तसा एक प्रयत्न मी येथे करणार आहे. त्यासाठी निवडलेला प्रकार संकल्पचित्राचा आहे आणि निवडलेले चित्र एकच आहे. त्या चित्रावर पूर्वी एक अभिप्राय लिहिला गेला होता. तो चुकीचा होता आणि तो माझाच होता, हे आधीच सांगितलेले बरे.

जामनेर तालुक्यातल्या पहूर परिसरातील एका शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर घरी राहिलेली जुनी कामे चाळताना नववीतल्या एका विद्यार्थिनीचा कागद हाती लागला. मागे डिसेंबर 2017 ही तारीख होती. चौरसाच्या मध्यभागी पाकळ्या पिळून घट्ट मिटलेले, गुलाबासारखे दिसणारे एक फूल. चार कोपऱ्यांत चार बोंडे. तीन उमललेली, एक अर्धवट उकललेले आणि तपकिरी डागांचे. कडेने स्वल्पविरामासारख्या लहान गुलाबी आकारांची किनार. खाली माझा लाल शाईतला शेरा : ‘गुलाब नीट जमलेला नाही. चौथा कोपरा इतरांशी जुळत नाही. परिचित फुले घ्यावीत.’

शेजारी बसलेल्या एका शेतकरी स्नेह्याने कागद हातात घेतला आणि म्हणाला, “गुलाब कुठला सर, डोमकळी हाय ही.”

कपाशीच्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरली की ती आतून पाकळ्या एकमेकींत गुंतवते. फूल उमलत नाही. गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. त्यालाच डोमकळी म्हणतात. पुढे अळी बोंडात जाऊन सरकी खाते. अशी बोंडे नीट फुटत नाहीत आणि त्यांतून निघतो तो कवडी कापूस. 2017च्या खरिपात या अळीने महाराष्ट्रातल्या कापूसपट्ट्याचे फार मोठे नुकसान केले. मी शहरात वाढलेला. कपाशीच्या शेतांमधून रोज शाळेत जाणारा, पण शेतात न उतरलेला. ज्या फुलाला मी अपरिचित ठरवले ते त्या वर्गात बहुधा मला एकट्यालाच अपरिचित होते.

आता चित्र पुन्हा पाहू. कडेची किनार अळ्यांची आहे. मध्यभागी रोगाची सुरुवात आहे आणि चौथ्या कोपऱ्यात त्याचा शेवट. संकल्पचित्रात समतोल हवा हे तिला ठाऊक होते, कारण बाकीची तीन बोंडे तिने मोजून सारखी काढली आहेत. चौथे जुळत नाही, कारण ते जुळू नये असे तिने ठरवले होते. फुलाच्या पाकळ्या वर्तुळात रचलेली चक्राकार आकृती हा अलंकरणातला फार जुना घटक आहे. तिला तो निसर्गात आयता सापडला, पण विकृतीच्या रूपात. जे फूल रोगाने सुंदर दिसते तेच तिने अलंकाराच्या जागी ठेवले. यात कौशल्याच्या उणिवा आहेत. डाव्या कडेला रंग पसरलेला आहे, किनारीचे माप कोपऱ्यात चुकले आहे. पण या उणिवा हाताच्या आहेत. माझा शेरा मात्र तिच्या विचारावर होता.

मी असे का पाहिले, याचे उत्तर केवळ व्यक्तिगत नाही. राज्याच्या कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांमध्ये संकल्पचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. त्या प्रश्नपत्रिकेमागची दृष्टी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून आली. साउथ केन्सिंग्टनच्या कलाशिक्षणात नैसर्गिक आकाराचे सुलभीकरण करावे, तो सपाट रंगवावा, भूमितीच्या चौकटीत बसवावा असा आग्रह होता. ओवेन जोन्सच्या 1856मधील अलंकरणविषयक ग्रंथाने ही तत्त्वे जवळपास नियमांच्या स्वरूपात मांडली. 1857मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये याच विचारांत घडलेले शिक्षक आले आणि तिथून ती दृष्टी आपल्या शाळांपर्यंत पोचली.

या इतिहासाचा एक धागा पहूरच्या अगदी जवळून जातो. पहूरहून संभाजीनगरच्या रस्त्याने वाकोद आणि फर्दापूर ओलांडले की अजिंठा लेणी येतात. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदीच पुढे पहूरला येते. या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम 1844पासून मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे होते. त्यांची बहुतेक चित्रे 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. स्वतः गिल यांची कबर भुसावळला आहे. त्यानंतर 1872मध्ये जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात उतरले. मध्ये खंड पडत 1885पर्यंत हे काम चालले. त्यातल्याही अनेक प्रतिकृती पुढे साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत नष्ट झाल्या, पण 1896-97मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. या कामाकडे आपण पुरातत्त्वाचे काम म्हणून पाहतो. वास्तविक तो विद्यार्थ्यांचा शालेय प्रकल्पही होता. जे. जे.च्या कुंभारकामाच्या शाखेत अजिंठ्यातल्या आकृती भांड्यांवर उतरल्या, त्या याच ओघात.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचे छत पाहिले की संकल्पचित्राची प्रश्नपत्रिकाच डोक्यावर पसरल्यासारखी वाटते. चौकोनांत आखलेली जागा, त्यांत कमळे, फळे, पक्षी आणि कमळांमधून धावणारा तो प्रसिद्ध हत्ती. पण शेजारच्या चौकोनात तेच पुन्हा येईल असे नाही. चौकट ठरलेली आहे, आतला जीव ठरलेला नाही. चित्रकाराने ते कमळ, तो हत्ती पाहिलेला आहे, हे रेषेवरून कळते. आमच्या वर्गात मात्र त्याच कमळाची मार्गदर्शकातली कितवी तरी नक्कल ट्रेसिंगने उतरत होती. लेणी तासाभराच्या आत, आणि आमचे कमळ छापील पुस्तकातले!

नक्कल करणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. ग्रिफिथ्सचे विद्यार्थीही नक्कलच करत होते. पण ते मूळ कृतीसमोर उभे राहून, अंधुक उजेडात रेषेचा शोध घेत करत होते. ग्रेड परीक्षेचे ऋणही नाकारता येत नाही. पहूरच्या मुलीला मुंबईच्या मुलीइतकाच कागद, तितकाच वेळ आणि तोच प्रश्न मिळतो, ही लहान गोष्ट नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीत वाढीव गुण मिळतात. शेतकऱ्याच्या घरात त्या गुणांना मोल असते. भूमितीची शिस्त, रंग सपाट लावण्याचा सराव, मापात काम करण्याची सवय यांचा पुढे उपयोगच होतो. माझा आक्षेप चौकटीला नाही. चौकटीत काय ठेवायचे हेही आपण ठरवून टाकले, याला आहे.

याच मुली भाद्रपद-आश्विनात गुलाबाईसमोर आरास मांडतात. पोळ्याला घरोघरी बैलाची शिंगे रंगतात, झुली चढतात. तिथे रंग कुठला लावायचा, गोंडा कुठे बांधायचा याचे निर्णय मुले बिनदिक्कत घेतात. शाळेत आली की तीच मुले विचारतात, “सर, कोणता रंग देऊ?” हा प्रश्न ऐकून मला वर्षानुवर्षे बरे वाटत असे. आता वाटते, तो आमच्या अध्यापनावरचा शेरा होता.

म्हणून विद्यार्थ्याच्या कलाकृतीच्या समीक्षेसाठी मी एकच निकष सुचवतो : कामात त्याने स्वतः घेतलेला निर्णय कुठे दिसतो? सफाई त्यानंतर तपासावी. व्यवहारात यासाठी फार काही करावे लागणार नाही. वर्गातल्या प्रत्येक संकल्पचित्रासोबत एक निरीक्षणाचे पान मागावे; ज्या वस्तूवरून आकार घेतला तिचे प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन आणि ती का निवडली याच्या दोन ओळी. त्या दिवशी माझ्यासमोर असे पान असते, तर डोमकळी हा शब्द मी तेव्हाच शिकलो असतो.

पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला त्या मुलीने कमळे काढली. समतोल अचूक, किनार सफाईदार. तिला वरची श्रेणी मिळाली आणि मी वर्गात तिचे कौतुक केले. तिच्या डोमकळीबद्दल मी तिला काही विचारले नव्हते आणि तिनेही काही सांगितले नाही. कागद आता शाळेला परत द्यायचा आहे. लाल शेरा मी तसाच ठेवला आहे. त्याच्याखाली निळ्या शाईने एवढेच लिहिले आहे : ‘चौथा कोपरा बरोबर आहे.’