पूर्वरंगावाचून उत्तररंग

नवरात्रात गोमंतकातील अनेक देवळांतून रात्री आधी कीर्तन होते आणि कीर्तनानंतर मखरोत्सव. सजविलेल्या मखरात देवता विराजमान होते, वाद्यांच्या तालावर मखर झुलू लागते आणि आरत्यांच्या गजरात भक्तजन त्या दर्शनाने तृप्त होतात. आधी श्रवण, मग दर्शन, हा क्रम आपल्या पूर्वजांनी जाणून लावलेला आहे. कीर्तनाने मन ठिकाणावर यावे आणि ठिकाणावर आलेल्या मनाने देवाकडे पाहावे. अलीकडे हा क्रम मोडू लागला आहे. कीर्तन चालू असता सभामंडप अर्धा रिकामा असतो. मखर हलण्याची वेळ झाली की दाटी होते आणि शेकडो मोबाईल एकदम वर उठतात. देवासमोर उभे राहून माणसे देवाला काचेत पाहतात. ह्या सवयीचा आपल्या कीर्तनकलेवर काय परिणाम होत आहे, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नारदीय कीर्तनाची बांधणी मोठी विचारपूर्वक केलेली आहे. नमनानंतर पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्यातील सिद्धान्ताचे निरूपण करतो. मध्ये नामाचा गजर होतो. मग उत्तररंगात त्या सिद्धान्ताला अनुरूप असे आख्यान लावतो. हरिश्चंद्राचे आख्यान घ्या. सत्याचे मोल पूर्वरंगात श्रोत्याच्या मनावर ठसले असेल, तरच स्मशानात राबणारा राजा त्याला थोर वाटतो. एरवी तो केवळ दुर्दैवी दिसतो. उत्तररंगातील अश्रू हे पूर्वरंगात केलेल्या पेरणीचे पीक असते.

मोबाईलवर फिरतो तो ह्या पिकाचा खुडलेला तुरा. एखादी तान, एखादा विनोद, एखादी झणझणीत कोटी. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलै महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आपल्या देशात आणले. आरंभी रील 15 सेकंदांची होती. पुढे दोन्हीकडे ही मर्यादा 3 मिनिटांपर्यंत वाढली. मर्यादा वाढली, पण स्वभाव पालटला नाही. पहिल्या दोन-चार क्षणांत मन धरले नाही, की पाहणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. तो कोठे थांबला, किती वेळ थांबला, ह्याची नोंद यंत्र ठेवते आणि त्यावरून पुढचे दृश्य त्याच्यापुढे टाकते. ह्या मालिकेला शेवट म्हणून नसतो. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती 2006 साली एझा रास्किन ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने योजिली. पुढे त्यानेच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे बहुतेक सारे उत्पन्न जाहिरातींतून येते. तेव्हा आपण जेवढा वेळ खिळून राहू, तेवढा तिचा लाभ.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधान मागतात. मागतात, हे ध्यानात घ्यावे. जो मागतो तो देणाऱ्याचा ऋणी होतो, आणि घेतलेल्या अवधानाची परतफेड अर्थाने करणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. कीर्तनकाराचे श्रोत्यांशी हेच नाते आहे. यंत्र अवधान मागत नाही. ते काढून घेते, आणि काय दिले ह्याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही.

ह्याचा परिणाम आता कीर्तनावर दिसू लागला आहे, आणि आमची खरी तक्रार तीच आहे. काही तरुण कीर्तनकार पूर्वरंग लवकर उरकतात. दर दोन मिनिटांनी हशा पिकावा, अशी त्यांची वाक्ये बेतलेली असतात. गळा उत्तम, पाठांतर चोख. पण निरूपण एका दिशेने वाढत जात नाही. उद्या कापून काढता येतील असे तुकडेच ते जणू आज ओळीने मांडीत असतात. दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. श्रोता जे उचलतो, तेच कलावंत पुढे करतो.

मुंबईत, आखाती देशांत वा इंग्लंडात असलेल्या गोमंतकीयाला ग्रामदेवतेची पालखी घरबसल्या दिसते, अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला कीर्तन ऐकता येते, हा यंत्राचा उपकारच आहे. तो आम्ही नाकारीत नाही. परंतु हा उपकार संपूर्ण कीर्तनाच्या मुद्रणाने होतो. त्याच्या चिंधड्यांनी होत नाही.

म्हणून देवस्थान समित्यांना आणि महाजनांना आमचे सुचविणे आहे. कीर्तन नमनापासून आरतीपर्यंत देवस्थानाने स्वतः मुद्रित करावे आणि सबंधच प्रसृत करावे. इतरांनी मोबाईल खिशात ठेवावेत, अशी विनंती आरंभीच करावी. कीर्तनकाराला पूर्वरंगासाठी पुरेसा वेळ द्यावा. मखराची घाई त्याच्यावर लादू नये. आणि श्रोत्यांनी मखरासाठी येतो त्याच्या तासभर आधी यावे. एवढे झाले तर मखर झुलू लागेल तेव्हा त्याच्याकडे पाहणारे मन श्रवणाने तयार झालेले असेल.