जे आलेच नाहीत, त्यांची भीती मोजली कुठे?

कोविडची भीती आणि डायलिसिसच्या रुग्णांचं उपचारपालन यांचा संबंध शोधणारे बरेच अभ्यास २०२० नंतर आले. साचा बहुतेक एकच. डायलिसिस केंद्रात जायचं, आलेल्या रुग्णांकडून दोन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि सहसंबंध काढायचा. तुम्ही असाच प्रस्ताव लिहीत असाल, तर या साच्यातल्या तीन अडचणी आधी बघा.

पहिली नमुन्याची. भीतीपोटी ज्याने केंद्रात येणंच सोडलं, तो या नमुन्यात सापडणार कसा? भारतातल्या १९ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत लॉकडाउनच्या काळात २,५१७ पैकी ७१० रुग्णांचं किमान एक डायलिसिस चुकलं आणि १०४ जण यायचेच थांबले. केंद्रात बसून प्रश्नावली भरली असती, तर हे १०४ जण हिशेबातच आले नसते. मग ‘भीतीचा पालनावर परिणाम दिसला नाही’ या निष्कर्षावर भरवसा कसा ठेवायचा?

दुसरी बेरजेची. ठरल्या दिवशी येणं, औषधं, मोजून पाणी पिणं आणि पथ्य ही चार वेगळी वर्तनं आहेत. घाबरलेला माणूस केंद्रात जाणं टाळेल, पण डायलिसिस चुकणार म्हणून पाणी आणि केळी कटाक्षाने कमी करेल. एकूण गुण काढले की हा फरक पुसला जातो.

तिसरी सगळ्यात गंभीर. कोविड-भीती मापनीत सात प्रश्न असतात, गुण ७ ते ३५. त्यात झोप, धडधड, हाताला सुटणारा घाम हे सगळं विचारलं जातं. गाडी मिळाली का, हे नाही. लॉकडाउनच्या काळात एसटी आणि लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद होत्या. अशा वेळी न येण्याचा दोष भीतीवर टाकला, तर शिफारस होते समुपदेशनाची. रुग्णाला मात्र गाडी हवी होती! आणि चुकलेलं डायलिसिस म्हणजे रक्तात वाढणारं पोटॅशियम, फुप्फुसात साठणारं पाणी. त्यात जीवही जातो.

मग करायचं काय? लॉकडाउनआधीची केंद्राची नोंदवही हीच नमुन्याची चौकट धरा. त्यातल्या प्रत्येकाचा माग काढा, दगावलेल्यांचाही. चुकलेल्या प्रत्येक सत्राचं कारण विचारा. चारही वर्तनं वेगवेगळी मांडा आणि दोन सत्रांमधली वजनवाढ पडताळून बघा. काम तिप्पट वाढेल, हे खरं. पण ज्यांच्यासाठी हा प्रश्न विचारला, ते निदान उत्तरात तरी असतील.