जिवंत पेशीतील मापन आणि नॅनोसंवेदक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जिवंत पेशीच्या अंतरंगात घडणाऱ्या रासायनिक घडामोडी पेशी न मारता मोजता याव्यात, ही जीवरसायनशास्त्राची जुनी आकांक्षा आहे. नॅनोपदार्थांवर आधारित विद्युतरासायनिक संवेदकांनी ती काही अंशी पूर्ण केली आहे. तथापि या विषयावरील विपुल लेखनात संवेदकाची स्तुती अधिक व मापनाची चिकित्सा कमी आढळते. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

उपलब्धी :
१९९०-९१ मध्ये वाइटमन व सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथीच्या एकेका पेशीलगत कार्बन तंतूचा इलेक्ट्रोड ठेवून पुटिकांतून स्रवणाऱ्या कॅटेकोलअमाइनचे स्पंद नोंदविले. हे मापन पेशीबाहेरचे होते. २०१२ मध्ये अमातोर, मिर्किन आदींनी प्लॅटिनमचा थर चढविलेला नॅनोइलेक्ट्रोड उंदराच्या भक्षकपेशीत शिरवून ऑक्सिजन व नायट्रोजनची क्रियाशील संयुगे मोजली. २०१५ मध्ये यूइंग यांच्या गटाने निमुळत्या टोकाचा कार्बन तंतू पेशीत घालून पुटिकेतील एकूण साठा मोजला. स्रवणाऱ्या रेणूंशी तुलना करता पुटिका आपला सर्व साठा रिता करीत नाही, असे दिसून आले. साधनाने एका रूढ समजुतीस धक्का दिला, हेच त्याचे खरे मोल होय.

मर्यादा :
पहिला प्रश्न श्रेयाचा आहे. कार्बन नॅनोनलिकांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे जे संवेदन होते, त्याचे कारण नलिका नसून त्यांत उरलेले लोह ऑक्साइडचे कण आहेत, असे कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले. पुमेरा व सहकाऱ्यांनी तर २०२० मध्ये ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळूनही त्याची उत्प्रेरकता वाढते, हे सिद्ध करून या क्षेत्रातील 'नव्या मिश्रणां'च्या हव्यासावर उपरोधाने बोट ठेवले.

दुसरा प्रश्न माध्यमाचा आहे. स्वच्छ बफर द्रावणात मिळालेली शोधनमर्यादा पेशीद्रवाला जशीच्या तशी लागू होत नाही. तेथे प्रथिने इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागास चिकटून त्याची संवेदनक्षमता घटवितात. डोपामाइनच्या जवळपासच्याच विभवास ॲस्कॉर्बिक आम्लाचेही ऑक्सिडीकरण होते.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे. इलेक्ट्रोड शिरविणे ही पेशीच्या दृष्टीने इजाच असते. मग नोंदविलेला ऑक्सिडीकारक ताण पेशीचा मूळचा की टोचण्यामुळे उद्भवलेला, हे वेगळे करून दाखविल्याखेरीज त्या आकड्यास जैविक अर्थ प्राप्त होत नाही.

निष्कर्ष :
संशोधन मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने आपण तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा : नॅनोपदार्थाविना केलेले तुलनात्मक मापन, प्रयोगानंतर पुन्हा केलेले अंशांकन आणि टोचलेल्या पेशीच्या जीवनक्षमतेचा पुरावा. या तिन्हींच्या अभावी, शोधनमर्यादा कितीही खाली आली तरी, तो शोध पदार्थाचा ठरेल. पेशीविषयीचे ज्ञान त्यातून वाढणार नाही.